सहा बाजारांचं तेल

जावयाने मागच्या दिवाळीत नवी गाडी घेतली. मी मोठ्या अगत्याने विचारलं, "तेल किती दिवसांनी बदलता?" तो म्हणाला, "बाबा, ते गाडीच सांगते. समोर दिवा लागतो." दिवा लागला की तो गाडी नेऊन देतो आणि दुसऱ्या दिवशी घेऊन येतो. जुन्या तेलाचा रंग कसा होता, हे त्याने आजवर एकदाही पाहिलेलं नाही. त्यात त्याचं काही चुकतं असं मी म्हणत नाही. पण दौलतभाऊंनी हे ऐकलं असतं तर त्यांना माझ्या मुलीची काळजी वाटली असती.

दौलतभाऊ आमच्या बसचे ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि गडचिरोली ही त्याच जिल्ह्यातली एक तहसील होती. सरकारी बस आमच्या रस्त्यावर अजून यायची होती. मूल गावच्या एका मालकाची एकुलती एक बस मूल ते पोंभुर्णा जायची आणि परत यायची. रस्ता मुरमाचा, दोन्ही बाजूंना जंगल. उन्हाळ्यात बस मुक्कामाला पोचली की आतली माणसं ओळखायला आधी त्यांचे चेहरे पुसावे लागत.

दौलतभाऊ पोंभुर्ण्याच्या अलीकडच्या एका गावचे. घर मासेमारी करणाऱ्यांचं. गावाजवळच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, त्यांचा बाप आणि आजा जाळी टाकत आले होते. दौलतभाऊ तरुणपणी लढाईच्या दिवसांत लष्करी ट्रकवर लागले आणि ड्रायव्हर होऊन परतले. पण बोडी त्यांच्या अंगातून काही गेली नव्हती. पाण्याचा रंग पाहून खाली काय चाललंय ते सांगायची त्यांच्या घरची रीत, आणि तीच रीत त्यांनी इंजिनाला लावली होती.

रोज सकाळी बॉनेट उघडायचं. इंजिनातली तेलाची पट्टी बाहेर ओढायची, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसायची, परत बुडवून काढायची आणि सूर्याकडे धरायची. मग टोकाचा थेंब अंगठा आणि बोट यांच्यात घेऊन सावकाश चोळायचा. मग नाकाशी न्यायचा. एवढं होईपर्यंत बसमधल्या कोणी "चला नं जी आता" असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. ते मान न वळवता म्हणायचे, "घाई असन त पैदल जा गा. तुह्या पायाले तेल लागत नाई."

हा माणूस गरीब स्वभावाचा होता असा कोणाचा समज होऊ नये. चांगलाच ताठ होता. भर उन्हात खाकी कोटाची वरपर्यंत बटणं लावायचा, कोणाचं ऐकायचा नाही, आणि आपलं मत न विचारता द्यायचा. पोंभुर्ण्याच्या बाजारात बस उभी राहिली की दौलतभाऊ कोळणींच्या रांगेतून एक फेरी मारत. मासा उचलायचा, गलफडं उघडून पाहायची, आणि गिऱ्हाइकाच्या देखत निकाल द्यायचा, "कालचा हाय." सगुणाबाई नावाची एक कोळीण आमच्याच बसने टोपली घेऊन बाजाराला यायची. ती तर दौलतभाऊ दिसले की टोपलीवर फडकं टाकायची. "आला वो माय, डागदर आला," असं ती शेजारणीला सांगायची, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बसमध्ये मात्र तिची जागा दौलतभाऊंच्या मागचीच. दुसरं कोणी तिथे बसलं की दौलतभाऊच त्याला उठवत.

आमच्या रस्त्यावर तारखा कोणी मोजत नसे. सगळा हिशेब आठवडी बाजारावर चाले. लग्न दोन बाजारांवर आलं, म्हैस चार बाजारांपूर्वी व्याली, असं बोलणं. आमची जुनी बस पेट्रोलची होती आणि तिचं तेल चार बाजारांनी बदलायचं. बाजार मोजायचं काम आपसूक सगुणाबाईकडे गेलं होतं, कारण तिचा एकही बाजार चुकत नसे. चौथ्या बाजाराला ती पोंभुर्ण्यात उतरता उतरता सांगायची, "भरले गा भाऊ."

मग दौलतभाऊ पोंभुर्ण्याच्या चिंचेखाली बस उभी करत आणि इंजिन गरम आहे तोवर खालचा नट सोडत. गावाला हे ठाऊक असे. कोणी भोपळ्याचा तुंबा, कोणी फुटकं मडकं घेऊन आधीच येऊन बसलेलं असे. जळक्या तेलाने बैलबंडीचा आस वंगणतो, आणि घराच्या खांबांना लावलं तर उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही. वाटप दौलतभाऊंच्या हातचं. ज्याचा खांब पोखरला त्याला आधी, बंडीवाल्याला नंतर, आणि जो पुढे घुसेल त्याला सर्वांत शेवटी. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे ते मी दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी पाहिलं नाही. नवं तेल ओतल्यावर पट्टीवर मधासारखा रंग यायचा. तो रंग दौलतभाऊ मला मुद्दाम दाखवत. "पाह्य बाबू. अशी बोडी असली का मासा आपोआप वाढते."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मालकांनी डिझेलची बस आणली.

नवी बस ताकदीची होती, पण धडधडायची फार, आणि तिच्या वासाने सुरुवातीला दोन-चार बायांना उलट्या झाल्या. दौलतभाऊंना ती आवडली. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टी काढली, मधाचा रंग पाहिला, खूश झाले. दुसऱ्या सकाळी पट्टी काढली आणि तसेच उभे राहिले. तेल काळंकुट्ट झालं होतं.

"बाबू, हिच्या पोटात काई सडून राह्यलं," ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांनी त्याच दिवशी तेल बदललं. पुढच्या सकाळी परत काळं. दोन दिवस कसेबसे धीर धरून त्यांनी ते पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा तर माणसांनी भरलेली बस भर रस्त्यात एका नाल्याजवळ उभी करून ते खाली शिरले. आतला एक नवरदेव घाईला आला होता. त्याचा मामा शिव्या देत होता. दौलतभाऊ बसखालून म्हणाले, "लग्न उद्याई लागते गा. इंजिन जाम झालं त नाई लागत." पोंभुर्ण्यात मात्र आनंदीआनंद होता. त्या महिन्यात तिथले सगळे खांब काळे झाले.

तेलाचे डबे नागपूरहून यायचे, छोट्या लाइनच्या आगगाडीने मूलला उतरायचे, आणि पावसाळ्यापर्यंत पुरावेत म्हणून मालकांनी भरून ठेवले होते. ते संपत आले. त्यातच कोणीतरी मालकांच्या कानाला लागलं की दौलत गावातले खांब रंगवायला तेल बदलतो. मालक भडकले. ते वाईट मनुष्य नव्हते, पण आपल्या वस्तूवर दुसऱ्याने प्रेम केलेलं त्यांना फारसं खपत नसे. त्यांनी नागपूरहून कंपनीचा माणूस बोलावला.

त्याने मूलच्या अड्ड्यावर सगळ्यांसमोर पट्टी काढून पाहिली आणि हसला. म्हणाला, "डिझेलची काजळीच जास्त. हे तेल ती काजळी धुऊन स्वतःत घेतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी काळं दिसतं. पेट्रोलच्या गाडीत काळं झालं की बदला, ठीक आहे. इथे रंगाकडे बघूच नका. मैल मोजा." त्याने मैलांचा आकडा सांगितला, धुळीच्या रस्त्यासाठी त्यातून थोडा कमी केला, आणि जेवून गेला. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. फक्त आमच्या बसचा मैलाचा काटा आठवडाभरातच अडकून बसला होता. तेव्हा मालकांनी फेऱ्यांचा अंदाज घेऊन त्या मैलांचे बाजार केले. सहा बाजार.

"सहा बाजार होईस्तोवर तेलाले हात लावायचा नाही," मालक म्हणाले. "खांब रंगवायचे असतील तर घरच्या तेलाने रंगव. पुन्हा असं केलं तर इंजिन फिरवायचं हँडल खाली ठेवायचं अन् आपल्या बोडीवर जायचं."

अड्ड्यावर माणसं उभी होती. कोणीतरी हसलं. खांबांचं ते बोलणं दौलतभाऊंना फार लागलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पट्टी पुसायचा तोच, आणि घडी करून माझ्या हातात दिला.

"मालक, बोडीची आण," ते म्हणाले. "आजपासून या इंजिनाचं तेल पाहीन त माहे डोळे फुटतीन."

शपथ त्यांनी पाळली, आणि इतकी काटेकोर पाळली की आम्हालाच ओशाळल्यासारखं व्हावं. सकाळी बॉनेट मी उघडायचो. दौलतभाऊ बसकडे पाठ करून जंगलाकडे तोंड करून उभे राहत. मी पट्टी काढली की विचारत, "किती?"

"निशाणीवर."

"बंद कर."

बस्स. रंग कसा आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सहावा बाजार उठला की सगुणाबाई "भरले गा भाऊ" म्हणायची, मालक मूलला दुसऱ्या माणसाकडून तेल बदलून घ्यायचे, आणि त्या वेळी दौलतभाऊ चहा प्यायला निघून जायचे. चिंचेखाली तुंबे घेऊन येणारी माणसं काही दिवस येत राहिली, मग बंद झाली.

असे दोन वेळा सहा-सहा बाजार झाले आणि महाशिवरात्र आली. वैनगंगेवर मार्कंड्याची जत्रा आमच्याकडे नुसती एका दिवसाची नसते, बरेच दिवस भरलेली असते. त्या दिवसांत आमची बस पोंभुर्णा सोडायची आणि मूलहून थेट नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत माणसं वाहायची. तिथे उतरून लोक वाळूतून आणि गुडघाभर पाण्यातून देवळाकडे जात. मालकांनी काठावर मांडव टाकला होता. बस पोचली की रिकामी करायची, परतीची माणसं भरायची, आणि इंजिन बंद न करता निघायचं. दौलतभाऊंनी कित्येक वर्षं लोकांना मार्कंड्याला पोचवलं, पण स्वतः कधी नदी ओलांडली नव्हती. गाडी सोडून जाणं त्यांना जमत नसे.

जत्रेच्या मधल्या एका दुपारी आम्ही काठावर पोचलो. माणसं उतरली. दौलतभाऊंनी इंजिन बंद केलं. हे नेहमीचं नव्हतं. ते जागेवर बसून राहिले. बॉनेटच्या फटीतून येणारा वास त्यांनी नाक वर करून घेतला.

"बाबू, बाजार किती झाले?"

मी म्हणालो, "चार. दोन बाकी आहेत."

सगुणाबाई त्या दिवशी बसमध्येच होती, देवाला आली होती. टोपली नसल्यामुळे ती वेगळीच बाई वाटत होती. दौलतभाऊंनी मागे वळून विचारलं, "चार का वो?"

"चारच," ती म्हणाली. "जत्रा लागल्यापासून बाजार भरलाच नाई, त मी काय मोजू? सारं गाव त इथीच हाय."

दौलतभाऊ बोटांवर जत्रेच्या खेपा मोजू लागले. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. बाजार थांबले होते, आणि बस रोजच्या दुप्पट-तिप्पट धावत होती. मैलांचे बाजार करताना मालकांच्या लक्षात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि कंपनीच्या माणसाला तर बाजार हा प्रकारच ठाऊक नव्हता.

"मालक कुठी?"

मालक नदीपलीकडे दर्शनाला गेले होते. देवळासमोरची रांग इथून दिसत होती, संध्याकाळशिवाय ते येणार नव्हते. इकडे परतीची माणसं बसच्या दाराशी लोटालोटी करत होती. एकाने दारातून आत गाठोडं टाकलं देखील.

दौलतभाऊ खाली उतरले. बॉनेटपासून चार हातांवर जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि एक हात मागे केला. अंगठा आणि बोट उघडं.

"पट्टी काढ. थेंब दे."

"भाऊ, शपथ..."

"डोळ्याची हाय. बोटाची नाई."

मी त्यांच्या बोटांवर थेंब टेकवला. त्यांनी तो चोळला, बराच वेळ चोळला. नाकाशी नेला, तेव्हा डोळे गच्च मिटलेले होते.

"रेती लागून राह्यली हाताले," ते म्हणाले. "माह्या बोटाले त लागते बाप्पा. अजून एक खेप नाई नेत मी."

मग त्यांनी माझ्याकडून आपला दुपट्टा परत मागितला. मला वाटलं, हात पुसायला. त्यांनी तो डोळ्यांवरून घट्ट बांधला, मागे गाठ मारली, पाना घेतला, आणि चाचपडत बसखाली शिरले.

त्या काठावर जत्रेला आलेली शेकडो माणसं असतील. डोळ्यांवर पट्टी बांधलेला ड्रायव्हर बसखाली उताणा पडून तेल काढतोय, हे पाहायला अर्धी जत्रा लोटली. गरम तेल त्यांच्या मनगटावर सांडलं तेव्हा ते फक्त "हूं" म्हणाले. धार बाहेर आली तशी माणसांना आपापले खांब आठवले. कोणी देवाला पाणी वाहायला आणलेला लोटा पुढे केला. सगुणाबाईने तो बाजूला सारला आणि कुठून तरी एक मडकं आणून धारेखाली धरलं. "एका वक्ती एक," ती ओरडली. "ज्याचा खांब खराब हाय तो अंगोदर." अडीअडचणीला मांडवात ठेवलेला नव्या तेलाचा डबा मी आणून दिला. मी तो का आणून दिला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या माणसाला नाही म्हणणं त्या क्षणी मला सुचलंच नाही.

आणि मालक आले. कोणीतरी धावत जाऊन त्यांना रांगेतून काढून आणलं होतं. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, कपाळावर भस्म. त्यांनी गर्दी पाहिली, मडकं पाहिलं, भरायची थांबलेली बस पाहिली.

"दौलत, बाहेर ये."

"नट लावून घेऊ द्या मालक," बसखालून आवाज आला.

मालक थांबले, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. दौलतभाऊंनी नट कसला, बाहेर आले, चाचपडत डब्यातलं तेल ओतलं, बॉनेट लावलं आणि मगच डोळे सोडले. बाजारांचा घोळ मी मालकांना सांगू लागलो. त्यांनी हाताने मला गप्प केलं. चार गावांच्या माणसांसमोर त्यांचा शब्द मोडला होता. बाकी काही त्यांना ऐकायचं नव्हतं.

दौलतभाऊ वाद घालायला उभे राहतील असं मला वाटलं. ते तसेच होते. पण त्यांनी पायरीवरचं हँडल उचललं, दुपट्ट्याने पुसलं, आणि मालकांच्या हातात दिलं.

"जत्रेत बाजार भरत नाई मालक," एवढंच ते बोलले. मग नदीकडे पाहून म्हणाले, "चला, आता दर्शन त होऊन जाईन." आणि खाकी कोटाची बटणं लावलेलीच, ते पाण्यात उतरले. सगुणाबाई मडकं तिथेच ठेवून त्यांच्यामागे गेली. मला रडू आलं होतं. पण मालक स्वतःच स्टेअरिंगवर बसले होते, आणि परतीची तिकिटं फाडायची होती.

बस पुढे पुष्कळ वर्षं चालली. त्या खेपेला तेल बदललं नसतं तर इंजिन जाम झालं असतं, की तसंच मूलला जाऊन परत आलं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही. वेळेवर केलेल्या कामाचा पुरावा मागे राहत नाही. पुढच्या जत्रेच्या आधी मालकांनी मला बोलावून सांगितलं, "जत्रेत बाजार भरो न भरो, अर्ध्यातच तेल बदलायचं." दौलतभाऊंचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्याच आठवड्यात मात्र सगुणाबाईच्या हाती त्यांना निरोप गेला, की परत ये. उत्तरही तिच्याच हाती आलं. "तेल न पाहाची आण हाय. आंधळा डायवर कायले पायजे, इचारजो मालकाले."

शेवटचे ते मला दिसले तेव्हा सरकारी बस येण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस. इंजिनाचं पाणी तापलं म्हणून आमची बस त्यांच्या गावच्या बोडीजवळ थांबली. नव्या ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, आणि मी डबा घेऊन पाण्याकडे निघालो. दौलतभाऊ कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभे होते. कोट नव्हता. त्यांना कोटाशिवाय मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते काठावर आले, माझी चौकशी केली नाही, बसकडे तर नजरही टाकली नाही. बॉनेट उघडं आहे हे कळताच त्यांनी तिकडे पाठ केली.

"किती?"

मी डबा खाली ठेवला, बसशी जाऊन पट्टी काढली. "निशाणीवर."

त्यांचा हात मागे आला. अंगठा आणि बोट उघडं. मी पट्टी घेऊन गेलो आणि थेंब टेकवला. त्यांनी डोळे मिटून तो चोळला. नवा ड्रायव्हर हसत होता. मला त्या वेळी त्याचा फार राग आला.

"अजून एक बाजार चालन," दौलतभाऊ म्हणाले.

मग ते परत बोडीत उतरले. जाळं एका हाताने सावरत होते. दुसऱ्या हाताची ती दोन काळी बोटं त्यांनी पाण्याला लागू नयेत अशी वर धरली होती, आणि बस सुटेपर्यंत ती तशीच वर होती.